टेबलावर लक पॉइंट फिरते कसे ठेवायचे

आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा रोलप्लेइंग गेम) टेबलावर माझ्या आतेभावाचा पॅलाडिन, म्हणजे त्याचं धर्मयोद्धा कॅरेक्टर, मेला त्या रात्री सगळ्यांच्या शीट, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीचे कागद, गोळा करताना मला त्याच्या शीटच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं 'इन्स्पिरेशन' दिसलं, पुढे बरोबरची खूण. इन्स्पिरेशन म्हणजे नशीब बदलायचा एक पॉइंट, तो मीच त्याला दिला होता, दुसऱ्या सेशनला, आणि हे सेशन होतं एकोणिसावं. शेवटचा डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचा रोल, ८ आला, १० हवे होते, म्हणजे दोनने हुकला. फासा टाकायच्या आधी पॉइंट वापरतो म्हणाला असता तर दोन फासे टाकून त्यातला चांगला घेता आला असता, पण इतके महिने कोपऱ्यात पडून राहिल्यामुळे तो पॉइंट आहे हे त्याच्याही डोक्यातून गेलेलं आणि माझ्याही. मी त्याला शीट दाखवली तर एवढंच म्हणाला, "मोठ्या वेळेसाठी ठेवला होता रे दादा."

हे वाक्य नंतर मी वेगवेगळ्या टेबलांवर इतक्यांदा ऐकलंय की आता नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक सलग गोष्ट) सुरू करताना मी पहिली गोष्ट हीच नीट लावून घेतो. नियम कुठल्या पुस्तकातला आहे याने फरक पडतो, नाही असं नाही, पण त्याहून जास्त फरक पडतो तो पॉइंट टेबलावर किती वेगाने येतोय आणि जातोय याने, आणि ते बऱ्यापैकी जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, हातात असतं. त्यामुळे हे मुख्यतः जीएम लोकांसाठी लिहितोय, प्लेअरांसाठी पण मध्ये एक भाग आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन ओळीत: फँटसी आरपीजीमध्ये (रोलप्लेइंग गेममध्ये) सगळं फाशावर चालतं, आणि फासा कोणाचा नसतो. आठ तास प्लॅन करून ड्रॅगनच्या गुहेत शिरलात आणि नॅट वन, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १, आला की संपलं. लक पॉइंट, हीरो पॉइंट, फेट पॉइंट, बेनी, इन्स्पिरेशन, नावं काहीही असू देत, काम एकच, की थोड्या वेळा प्लेअरला म्हणता यावं "नाही, हा रोल मला असा नकोय". कल्पना जुनी आहे. १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी सुरू केलेल्या फायटिंग फँटसी गेमबुकांमध्ये लक हा आकडाच होता, एक फासा अधिक ६, आणि नशीब आजमावायचं म्हणजे दोन फासे टाकून बेरीज त्या आकड्याएवढी किंवा कमी आणायची. गंमत अशी की प्रत्येक वेळी आजमावलं की आकडा एकने उतरायचा, जिंका किंवा हरा. लक ९ असताना ८३ टक्के चान्स, तोच ६ वर आला की ४२. म्हणजे नशीब वापरलं की झिजतं, हे एवढ्या साध्या नियमात बसवलं होतं, मला आजही ते फार आवडतं. मग १९८६ ला वॉरहॅमर फँटसी रोलप्लेच्या पहिल्या आवृत्तीत फेट पॉइंट आले, ते थेट जीव वाचवायचे आणि एकदा खर्च झाले की गेले.

आधी तुमच्या सिस्टममध्ये नक्की काय आहे ते बघा

हे सांगायची वेळ का येते, तर निम्मे लोक एका आवृत्तीचा नियम दुसऱ्या आवृत्तीत खेळत असतात, आणि मग ऐन लढाईत वाद.

डी अँड डी पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक: इन्स्पिरेशन एकच असतं, आहे किंवा नाही, साठत नाही. वापरलं की अटॅक, सेव्ह (संकटातून वाचायचा रोल) किंवा ॲबिलिटी चेक (काही जमतंय का ते बघायचा रोल) यापैकी एकावर ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून चांगला घ्यायचा. म्हणजे टाकायच्या आधी ठरवायचं. २०२४ च्या पुस्तकात त्याचं नाव हिरोइक इन्स्पिरेशन झालं आणि काम बदललं, आता कुठलाही एक फासा टाकून झाल्या झाल्या परत टाकता येतो, पण दुसरा येईल तो घ्यावाच लागतो. कुठलाही म्हणजे खरंच कुठलाही, क्लेरिकने (जखमा भरणारा पुजारी) हीलिंगला १ टाकला तरी चालतो. शिवाय ह्यूमन कॅरेक्टरला प्रत्येक लाँग रेस्टनंतर (रात्रभराची विश्रांती) तो आपोआप मिळतो, आणि म्युझिशियन फीट (फीट म्हणजे कॅरेक्टरने निवडलेली खास क्षमता) घेतलेला असेल तर तो रेस्टनंतर गाणं वाजवून बाकीच्यांना वाटतो. तुमच्याकडे आधीच असताना परत मिळाला तर तो ज्याच्याकडे नाही त्याला देता येतो. ही शेवटची ओळ बऱ्याच जणांनी वाचलेलीच नसते आणि खरं तर सगळ्यात कामाची ती आहे.

लकी फीट वेगळं, ते याच्यात मिसळू नका. २०१४ ला त्यात लाँग रेस्टमागे ३ पॉइंट होते, २०२४ ला प्रोफिशियन्सी बोनसएवढे (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा), म्हणजे सुरुवातीला २ आणि शेवटी शेवटी ६.

पाथफाइंडर दुसरी आवृत्ती (२०१९): प्रत्येक सेशन सुरू होताना प्रत्येकाला १ हीरो पॉइंट, जास्तीत जास्त ३, सेशन संपलं की शून्य. एक खर्च केला तर चेक परत टाकता येतो आणि दुसरा निकाल घ्यायचा, आणि मरायला टेकलात तर असतील ते सगळे देऊन मृत्यू टळतो. पुस्तक जीएमला सांगतं की खेळाच्या तासामागे साधारण एक वाट.

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये बेनी, सेशनला ३, आणि इनिशिएटिव्हच्या (लढाईत कोणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या) पत्त्यांमध्ये प्लेअरला जोकर आला की सगळ्या पार्टीला एकेक. वॉरहॅमरच्या चौथ्या आवृत्तीत दोन थर आहेत, त्यावर पुढे बोलतो.

या सगळ्यात एक गोष्ट बघा. जिथे पॉइंट सेशनबरोबर मरतो तिथे तो वापरला जातो. जिथे तो अमर असतो तिथे तो शीटच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. माझ्या पॅलाडिनवाल्या भावाचं काही चुकलं नव्हतं, नियमच त्याला जपून ठेव म्हणत होता.

कधी वापरायचा, टाकायच्या आधी की नंतर

यावर थोडं थांबतो कारण अख्खा खेळ यावर फिरतो.

तीन जागा आहेत. एक, फासा हातात असताना. दोन, फासा पडलाय, आकडा दिसतोय, पण जीएमने अजून लागला की चुकला ते सांगितलेलं नाही. तीन, जीएमने सांगून टाकलंय. पहिल्या जागेत प्लेअर घाबरतो, कारण न लागताच रोल चांगला आला असता तर पॉइंट वाया. दुसऱ्या जागेत टेबलावर जी शांतता होते ना, "तेरा... तेरा लागेल का रे?" ती शांतता म्हणजे या नियमाचं सगळं सोनं आहे. तिसऱ्यात हिशोब अगदी पक्का असतो, त्यामुळे वाया काही जात नाही, पण छातीतली धडधड जरा कमी होते.

मी दुसरी जागा वापरतो, आणि त्यासाठी जीएमला स्वतःची एक सवय मोडावी लागते. आपण काय करतो, प्लेअर म्हणाला "अकरा" की तोंडातून लगेच "मिस!" जातं. तेवढ्यात त्याची संधी गेली. आता मी आकडा ऐकला की तोच आकडा परत म्हणतो, "अकरा", आणि मनात दोन मोजतो. एवढंच. पहिल्या तीन-चार सेशनला मुद्दाम करावं लागलं, आता सगळ्यांना माहितीये की मी आकडा परत म्हटला म्हणजे दार उघडं आहे.

आता रीरोल (फासा परत टाकणं) द्यायचा की जादा फासा, हा प्रश्न. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हीरो पॉइंट नावाचा ऑप्शनल नियम आहे, प्रत्येक लेव्हलला ५ अधिक लेव्हलच्या निम्मे पॉइंट मिळतात आणि एक खर्चला की डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकून रोलमध्ये मिळवायचा, एका रोलवर एकच. रीरोल आणि हा डी६ दिसायला सारखे वाटतात पण स्वभाव वेगळा आहे. समजा डी२० (वीस बाजूंचा फासा) वर १० किंवा वर हवाय, म्हणजे ५५ टक्के चान्स. हातात रीरोल असेल तर एकूण चान्स ८० च्या जवळ जातो, डी६ असेल तर साडेबहात्तर. म्हणजे रीरोल भारी. पण १८ हवा असेल तर उलटं, मुळात १५ टक्के, रीरोलने २८, डी६ ने साडेबत्तीस. आणि खरी मजा पुढे आहे: आकडा दिसतोय आणि किती हवाय याचा अंदाज पण आलाय, त्याच उदाहरणात तुम्ही २ ने हुकलात, तर डी६ वर २ किंवा वर आला की झालं, ८३ टक्के, तिथे रीरोल ५५ च देणार. पण ५ ने हुकलात तर डी६ चे ३३ टक्के आणि रीरोल अजून ५५ वरच उभा. थोडक्यात डी६ हा "अरे थोडक्यात गेलं" वाल्या क्षणाचा आहे आणि रीरोल "हे झालंच नाही" वाल्या क्षणाचा.

मला स्वतःला आमच्या टेबलासाठी रीरोल बरा वाटतो, कारण आकडेमोड नको असलेले दोघं आहेत आणि त्यांना फासा परत उचलायला मिळाला की चेहरा खुलतो. तुमच्या टेबलावर सगळे हिशोबी असतील तर डी६ घ्या. दोन्ही एकदम मात्र ठेवू नका, प्रत्येक रोलला पाच मिनिटं चर्चा होते, आम्ही करून बघितलंय.

द्यायचे कधी, आणि कोणाला

इथे बहुतेक जीएम चुकतात, मी सुद्धा वर्षभर चुकत होतो. आपल्याला वाटतं पॉइंट म्हणजे भारी ॲक्टिंगचं बक्षीस. मग काय होतं, जो मोठ्याने बोलतो, आवाज काढतो, बारटेंडरशी वीस मिनिटं भांडतो, त्याला सगळे पॉइंट जातात. आमच्याकडे वहिनी क्लेरिक खेळते. ती कमी बोलते. पण तिच्या वहीत प्रत्येक गावाच्या मुखियाचं नाव आहे, कोणाला काय वचन दिलंय ते आहे, आणि तीन महिन्यांपूर्वी एका म्हाताऱ्या कोळिणीला "परत येताना तुझ्या मुलाची खबर आणू" असं पार्टीने सांगितलं होतं ते फक्त तिला आठवलं, आणि तिने सगळ्यांना मागे वळवलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिला अख्ख्या कॅम्पेनमध्ये मी एकदाच पॉइंट दिलाय. मला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर मी स्क्रीनच्या (जीएमपुढच्या आडोशाच्या) आतल्या बाजूला चौघांची नावं लिहून ठेवतो आणि दिला की रेघ मारतो, मध्यंतराला चहाच्या वेळी बघतो कोणापुढे रेघ नाही, आणि उरलेल्या वेळात त्या माणसाकडे जास्त लक्ष देतो. पॉइंट फुकट देत नाही, पण बघायला लागलं की देण्यासारखं काहीतरी सापडतंच.

मग कशाला द्यायचा? माझ्याकडे चार कारणं चालतात. कॅरेक्टरच्या स्वभावापायी स्वतःचं नुकसान करून घेतलं, हे सगळ्यात वरचं. रोग (rogue, म्हणजे चोर कॅरेक्टर) लोभी आहे असं शीटवर लिहिलंय आणि पळायचं सोडून तो मूर्तीच्या डोळ्यातलं माणिक उपटायला थांबला, पार्टी ओरडतेय, तो थांबला, लगेच पॉइंट. फेट नावाच्या सिस्टमचा तर पायाच हा आहे, तुमच्या कॅरेक्टरची खोड तुम्हाला अडचणीत आणते तेव्हा जीएम तुम्हाला फेट पॉइंट सरकवतो, आणि तोच पॉइंट तुम्ही नंतर त्याच खोडीच्या जोरावर +२ किंवा रीरोल घ्यायला वापरता. दुसरं, दुसऱ्यासाठी स्वतःची टर्न दिली. तिसरं, जुनी गोष्ट लक्षात ठेवली. चौथं, असा उपाय काढला की मी दोन सेकंद गप्प झालो.

आणि एक, प्लेअरांनाच एकमेकांची नावं सुचवू द्या. "दादा, याला द्या ना एक" असं कोणी म्हटलं आणि बाकीच्यांनी मान हलवली की मी वाद न घालता देतो. जीएम नकाशा, मॉन्स्टरचे हिट पॉइंट, संगीत, सगळं सांभाळत असतो, त्याच्या नजरेतून निम्म्या गोष्टी सुटतात. पाथफाइंडर चालवताना मी फोनवर तासाचा अलार्म लावतो, व्हायब्रेटवर. वाजला की गेल्या तासात कोणी काय केलं ते आठवायचं आणि एक द्यायचा.

हे सगळं लक्षात ठेवायचा कंटाळा येत असेल तर डॅगरहार्ट (२०२५) बघा, तिथे देण्याचं काम फासेच करतात. दोन डी१२ टाकायचे, एक होपचा एक फिअरचा. होपचा मोठा आला तर यश किंवा अपयश काहीही असो तुम्हाला एक होप, फिअरचा मोठा आला तर जीएमला एक फिअर, दोन्ही सारखे आले तर क्रिटिकल (खास मोठं यश), तो पण होप देतो. साधारण ५४ टक्के वेळा होप येतो आणि जास्तीत जास्त ६ च ठेवता येतात, त्यामुळे साठवायची सोयच नाही. तसंच टेल्स ऑफ द व्हॅलियंटमध्ये (२०२४) अटॅक हुकला किंवा सेव्ह फसला की एक लक मिळतो, एक लक देऊन रोलमध्ये १ वाढवता येतो, ३ देऊन रीरोल, आणि ५ असताना सहावा मिळायची वेळ आली तर डी४ टाकायचा आणि जो येईल तेवढेच उरतात. कंजूस माणसाला नियमच टोचणी लावतो, मला हे फार हुशारीचं वाटलं.

हातात धरता येईल अशी वस्तू ठेवा

शीटवर लिहिलेला पॉइंट दिसत नाही. हातात खेळवता येणारा दिसतो. पोकर चिप चालतील, काचेचे गोळे चालतील, आमच्याकडे चिंचोके आहेत. आजीच्या घरी सारीपाटाला चिंचोके फोडून फासे म्हणून वापरायचे, ते डोक्यात होतं म्हणून एकदा मूठभर आणले आणि तेच राहिले. मधे वाटी, वाटीत वीस चिंचोके, प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचे.

याचा परिणाम कसा होतो ते एका सेशनचं सांगतो. पार्टी मनोऱ्यावर अडकलेली, वर वायव्हर्न घिरट्या घालतोय, खाली उतरायला एकच दोर. रोग शेवटी उतरतोय आणि त्याच्या पाठीवर बेशुद्ध विझर्ड बांधलेला. ॲथलेटिक्स, १३ लागणार होते. फासा चार. वर कॅरेक्टरचे तीन. "सात", तो म्हणाला. "सात", मी म्हणालो आणि थांबलो. त्याच्यापुढे चिंचोका नव्हता, मघाशी माणिकाच्या नादात मिळालेला त्याने कुलपावर उडवला होता. कोणी काही बोललं नाही. मग वहिनीने तिच्यापुढचा एकुलता एक चिंचोका बोटाने त्याच्याकडे सरकवला, चहाच्या कपाला वळसा घालून, अगदी हळू, आणि म्हणाली, "मी खाली उभी आहे, मी ओरडते, दोर पायात अडकव." हे तिने स्वतः जोडलं, नियमात कुठे नाही. त्याने फासा परत टाकला, सतरा. टेबलावर जो आवाज झाला त्याने शेजारच्यांनी दार वाजवलं. पॉइंट शीटवर लिहिलेला असता तर तिला त्याच्याकडे नाही हे दिसलंच नसतं.

म्हणून माझ्या टेबलावर दुसऱ्याला देणं कायम मोकळं आहे. अट एकच, तुमच्या कॅरेक्टरने तिथे काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. ऑनलाइन खेळत असाल तर प्रत्येकाने स्वतःच्या नावापुढे तारे लावा, दोन पॉइंट म्हणजे दोन तारे, तेवढं पुरतं.

प्लेअरांनो, खर्च कुठे करायचा

किरकोळ गॉब्लिनवर अटॅक हुकला म्हणून करू नका असं लोक सांगतात, मी म्हणतो सेशनचा शेवटचा अर्धा तास असेल आणि पॉइंट उद्या राहणार नसेल तर खुशाल करा. पण निवड असेल तर आधी सेव्ह. त्यातही असा सेव्ह ज्याने तुम्ही खेळाबाहेर बसता, पॅरलाइज, स्टन, भुरळ वगैरे. डॅमेज भरून निघतं, पण पस्तीस मिनिटं नुसतं बसून दुसऱ्यांच्या टर्न बघणं भरून निघत नाही.

पाथफाइंडरमध्ये साध्या अपयशावर पॉइंट घालवू नका, क्रिटिकल अपयशावर घाला. तिथे १० ने हुकलं की क्रिटिकल होतं आणि बेसिक सेव्हला डॅमेज दुप्पट बसतं, त्यामुळे तिथून नुसतं साध्या अपयशावर आलात तरी निम्मं वाचलं. आणि मरताना सगळे पॉइंट द्यावे लागतात, किमान एक, म्हणजे तीन असले काय नि एक असला काय, जीव तेवढाच वाचतो. त्यामुळे एक खाली ठेवा आणि वरचे दोन मोकळ्या हाताने उडवा.

जीव वाचवणारा पॉइंट वेगळा ठेवायचा असेल तर

कॅम्पेन जरा रक्तबंबाळ असेल तर वॉरहॅमरची रचना उचला. तिथे फेट आणि फॉर्च्युन असे दोन आहेत. जितके फेट तितके फॉर्च्युन दर सेशनला मिळतात, फॉर्च्युनने फसलेली टेस्ट परत टाकायची वगैरे रोजचा खर्च. फेट मात्र जीव जाताना वापरायचा आणि तो कायमचा जातो, आणि त्याच्याबरोबर पुढच्या प्रत्येक सेशनचा एक फॉर्च्युन पण जातो. म्हणजे एकदा मरणातून वाचलात की तुम्ही थोडे कमनशिबी होता, कायमचे. मी हे डी अँड डीत पण लावलंय, प्रत्येकाला कॅम्पेनच्या सुरुवातीला एकच फेट, लाल रंगवलेला चिंचोका. वापरला की कॅरेक्टर वाचतं पण किंमत टेबलाने मिळून ठरवायची, एक डोळा, तलवार, देवाचा आवाज येणं बंद. आतापर्यंत दोघांनी वापरलाय आणि दोन्ही कॅरेक्टर त्यानंतर जास्त चांगली झाली असं मला मनापासून वाटतं.

जीएमला पॉइंट हवेत का

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये जीएमला पण बेनी मिळतात, प्रत्येक प्लेअरमागे एक. डॅगरहार्टमध्ये फिअर आहेच. डी अँड डीत वेगळं काही देऊ नका, कारण तिथे ते आधीच आहे, नाव वेगळं आहे फक्त. मोठ्या ड्रॅगनला लेजेंडरी रेझिस्टन्स असतो, साधारण दिवसाला ३, सेव्ह फसला तरी तो म्हणतो फसला नाही. हा ड्रॅगनचा लक पॉइंटच झाला. प्लेअरांना तो सगळ्यात जास्त झोंबतो कारण तो जीएमच्या स्क्रीनमागून अचानक येतो, विझर्डने आपला सगळ्यात मोठा स्पेल टाकला आणि जीएम म्हणतो "नाही, वाचला". आता मी ड्रॅगन आला की तीन चिंचोके स्क्रीनच्या पुढे मांडतो, सगळ्यांना दिसतील असे. स्पेल टाकला, सेव्ह फसला, मी एक उचलून वाटीत टाकतो. विझर्डला कळतं की स्पेल वाया नाही गेला, त्याने ड्रॅगनचं नशीब एकने खाली आणलं, आणि बाकीचे लगेच मोजायला लागतात, "दोन राहिले, अजून दोन काढा रे त्याचे!"

माझा सध्याचा नियम, उचलायचा तर उचला

पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर, २०१४ किंवा २०२४ कुठलंही पुस्तक असू दे, पुस्तकातलं इन्स्पिरेशन काढून हे ठेवतो. सेशन सुरू होताना प्रत्येकी एक. कमाल तीन. संपलं की सगळे वाटीत परत, पुढे नेता येत नाहीत. एक खर्च करून आपला कुठलाही एक डी२० परत टाकायचा, आकडा दिसल्यावर पण मी निकाल सांगायच्या आधी, आणि दुसराच घ्यायचा. एका रोलवर एकच. दुसऱ्याला देता येतो. ह्यूमन असेल किंवा म्युझिशियन फीट असेल तर त्यातून येणारा पॉइंट पण याच तिनात धरायचा, नाहीतर चौथ्या-पाचव्या सेशनला चिंचोक्यांचा ढीग होतो आणि मग एक गोष्ट जाते जी परत आणणं फार अवघड आहे, ती म्हणजे भीती. चार प्लेअर, प्रत्येकी तीन, म्हणजे एका लढाईत बारा रीरोल, तेवढ्यात कुठलाच ट्रोल भीतीदायक राहत नाही. साडेतीन तासांच्या सेशनला मी एकूण पाच-सहा वाटतो, चौघांत. तेवढं बसतंय आमच्याकडे. तुमचं सेशन दोन तासांचं असेल तर तीन पुरे.

शेवटच्या अर्ध्या तासात मी एकदा मोठ्याने सांगतो, "कोणापुढे किती आहेत बघून घ्या, बारा वाजता वाटीत जाणार." बस, एवढं वाक्य पुरतं, त्या अर्ध्या तासात लोक छपरावरून उड्या मारायला लागतात. आतेभाऊ आता बार्बेरियन खेळतो आणि त्याचा पहिला चिंचोका बहुतेक वेळा पहिल्या वीस मिनिटांत वाटीत गेलेला असतो.

चिंचोके वापरणार असाल तर धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मग तव्यावर थोडे परतून घ्या, तसेच डब्यात ठेवले तर पावसाळ्यात कीड लागते, आमचा पहिला डबा असाच गेला.